मलबार हिलवरचं बंद घर

आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीत सातव्या मजल्यावर एक सिंधी आजोबा राहतात. वय चौऱ्याऐंशी. आयुष्य सगळं नदीपलीकडे, पिंपरी कॅम्पात गेलं. मुलाने इथे फ्लॅट घेतला तेव्हा ते नाइलाजाने पवना ओलांडून आले. कापडाचं दुकान अजून कॅम्पातच आहे आणि रोज सकाळी अकराला ते नातवाच्या गाडीवर बसून तिकडे जातात. संध्याकाळी क्लब हाउससमोरच्या बाकावर बसून मोबाइलवर व्हिडिओ बघतात.

व्हिडिओ एकाच प्रकारचे असतात. पाकिस्तानातला कुणी तरुण कॅमेरा घेऊन सिंधमधल्या जुन्या गल्ल्यांतून फिरतो. फाळणीपूर्वीची हिंदूंची घरं शोधतो, आता तिथे राहणाऱ्यांना दार उघडायला लावतो, दारावरची नक्षी आणि भिंतीतली नावं दाखवतो. आजोबा शिकारपूरचे. सहा वर्षांचे असताना त्यांनी गाव सोडलं. त्यांना गाव फारसं आठवत नाही. आठवतो तो छत घातलेला लांबलचक बाजार, आणि उन्हातही तिथे असलेला गारवा.

एकदा मी शेजारी जाऊन बसलो. मी इतिहास शिकलोय हे त्यांना माहीत आहे, त्यामुळे अधूनमधून ते माझी परीक्षा घेतात.

"बेटा, हा पोरगा बघ. परक्या माणसाच्या दारात गेला, त्यांनी आत घेतलं, चहा दिला, वरचा मजला दाखवला. आणि आपल्या मुंबईत जिनासाहेबांचं घर आहे म्हणे. ते कोण दाखवतं?"

"कुणीच नाही, आजोबा. ते बंद असतं."

"का?"

मी काहीतरी उत्तर दिलं. कोर्ट, सरकार, मालकी वगैरे. त्यांनी मान हलवली आणि पुढचा व्हिडिओ लावला. माझं उत्तर मलाच पुरेसं वाटलं नाही. हा लेख म्हणजे त्या 'का'चं जरा लांबलेलं उत्तर आहे.

एकाच इलाख्यातली दोन शहरं

आज कराची म्हटलं की आपल्याला शत्रुदेशातलं शहर आठवतं. पण ३१ मार्च १९३६ पर्यंत कराची, मुंबई आणि पुणे ही एकाच प्रांतातली शहरं होती. सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता. १ एप्रिल १९३६ ला तो वेगळा प्रांत झाला. म्हणजे १९४७ मध्ये कराचीहून बोटीने मुंबईत उतरलेला माणूस अकरा वर्षांपूर्वीपर्यंत मुंबई सरकारचाच रहिवासी होता. त्याच्या तालुक्याचा कारभार जिथून चालायचा, तिथेच तो 'निर्वासित' म्हणून आला.

या जुन्या नात्याच्या खुणा दोन्हीकडे इमारतींच्या रूपात उभ्या आहेत. कराचीत नारायण जगन्नाथ वैद्य हायस्कूल आहे. सिंधमधली ही पहिली सरकारी शाळा, १८५५ मध्ये सुरू झालेली. नाव एका मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं. लोक तिला 'एनजेव्ही' म्हणतात. शाळा आजही भरते आणि तिचा पत्ता आहे एम. ए. जिना रोड.

आता उलट बाजू बघा. मुंबईत ग्रँट रोडजवळ काँग्रेस हाउसच्या आवारात एक सभागृह आहे, पी. जे. हॉल. 'पीपल्स जिना मेमोरियल हॉल'चं हे लघुरूप. १९१८ च्या डिसेंबरात गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन निवृत्त होत होता. त्याचं स्मारक उभारायचा ठराव टाउन हॉलमध्ये येणार होता. बॅरिस्टर जिना आणि त्यांच्या पत्नी रत्तीबाई यांनी शेकडो लोक घेऊन ती सभा उधळून लावली. पोलिसांचा मार खाल्ला. खूश झालेल्या मुंबईकरांनी एकेक रुपया वर्गणी काढून जिनांच्या नावाने हॉल बांधला. हे तेच जिना, ज्यांनी १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला हायकोर्टात लढवून जिंकला आणि त्याच वर्षी लखनौ करार घडवण्यात पुढाकार घेतला. तेव्हा त्यांची ओळख हिंदू-मुस्लीम ऐक्याचे दूत अशी होती.

कराचीत जिना रस्त्यावर मराठी माणसाच्या नावाची शाळा, आणि मुंबईत काँग्रेसच्या अंगणात जिनांच्या नावाचा हॉल. दोन्ही पाट्या फाळणीनंतरही तिथेच राहिल्या. त्या कुणी शांततेसाठी मुद्दाम जपल्या असं नाही. इमारती वापरात होत्या आणि रोजची माणसं आत-बाहेर करत होती, म्हणून त्या टिकल्या. वास्तू आणि शांतता यांचं नातं शोधायचं तर माझ्या मते सुरुवात इथून करावी लागते.

विटा-विटांनी बांधलेलं

रत्तीबाई १९२९ मध्ये गेल्या. त्यानंतर जिना काही वर्षं लंडनला राहिले. परत आल्यावर मलबार हिलवर माउंट प्लेझंट रोडला त्यांनी आपला जुना बंगला पाडून नवा बांधायला घेतला. वास्तुविशारद होते क्लॉड बॅटली. बॅटली जे. जे. स्कूलमध्ये वास्तुकला शिकवायचे. मुंबई सेंट्रल स्टेशनची इमारतही त्यांचीच. घर १९३६ मध्ये पूर्ण झालं, म्हणजे सिंध मुंबईपासून वेगळा झाला त्याच वर्षी. खर्च त्या काळचे सुमारे दोन लाख रुपये. इटालियन संगमरवर, अक्रोडाच्या लाकडाचं काम, समुद्राकडे तोंड असलेले कमानींचे व्हरांडे. नाव 'साउथ कोर्ट'. जिना बांधकामावर स्वतः उभे राहून लक्ष ठेवायचे.

या घरात दोनदा असं घडलं की कदाचित इतिहास वेगळा झाला असता.

पहिली वेळ १९४४ ची. त्या वर्षी ६ मे रोजी गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमधल्या कैदेतून सुटले. सप्टेंबरमध्ये ते मुंबईला आले आणि त्याच माउंट प्लेझंट रोडवरच्या बिर्ला हाउसमध्ये उतरले. ९ ते २७ सप्टेंबर या काळात ते जिनांच्या घरी वारंवार गेले. देश एक राहणार की दोन होणार, यावर दोघं बोलत राहिले. शेवटी बोलणी फिसकटली.

दुसरी वेळ १५ ऑगस्ट १९४६ ची. हंगामी सरकारात सहभागी व्हा, हे सांगायला नेहरू जिनांच्या घरी आले. जमलं नाही. दुसऱ्या दिवशी, १६ ऑगस्टला, मुस्लीम लीगचा 'प्रत्यक्ष कृती दिन' होता आणि कलकत्त्यात कत्तल सुरू झाली. बरोबर एक वर्षाने देशाचे दोन तुकडे झालेले होते.

७ ऑगस्ट १९४७ ला जिना दिल्लीहून विमानाने कराचीला गेले. मुंबईचं घर तसंच राहिलं. नेहरूंपुढे पेच होता. निर्वासितांसाठी जागा कमी पडत होती आणि पाकिस्तानात गेलेल्यांची घरं सरकार ताब्यात घेत होतं. मग या घराचं काय? भारताचे पहिले उच्चायुक्त श्रीप्रकाश कराचीत होते. त्यांनी लिहून ठेवलंय की हा विषय निघाला तेव्हा जिना हळवे झाले. आपलं मन मोडू नका, हे घर आपण विटा-विटांनी बांधलंय, असा निरोप त्यांनी जवाहरलालना द्यायला सांगितला. भाड्याने द्यायचंच तर एखाद्या लहान युरोपीय कुटुंबाला किंवा सुसंस्कृत संस्थानिकाला द्या, अशी त्यांची इच्छा होती. ११ सप्टेंबर १९४८ ला जिना वारले. मुंबईला ते परत आले नाहीत.

पुढे हेच श्रीप्रकाश मुंबईचे आणि १९६० नंतर महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. त्यांचं राजभवन त्याच मलबार हिलच्या टोकाला होतं.

घर मात्र ब्रिटिशांना मिळालं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे ब्रिटिश उपउच्चायुक्त राहायचे. ज्यांनी रेघ मारली त्यांनीच रेघेच्या दोन्ही बाजूंसाठी महत्त्वाचं असलेलं घर तीसेक वर्षं वापरलं. ते गेल्यावर पाकिस्तानने हे घर मुंबईतल्या वाणिज्य दूतावासासाठी अनेकदा मागितलं. भारताने दिलं नाही. २००७ मध्ये जिनांच्या कन्या दीना वाडिया यांनी मुंबई उच्च न्यायालयात त्यावर हक्क सांगितला. २०१७ मध्ये त्या वारल्या. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ही वास्तू परराष्ट्र मंत्रालयाकडे वर्ग करायचं ठरवलं. दिल्लीच्या हैदराबाद हाउससारखी ती पाहुण्यांसाठी वापरावी, असा विचार होता. मधल्या काळात, हे पाडून टाका, अशा मागण्याही झाल्या.

मी एकदा मुद्दाम जाऊन आलो. रस्त्याचं नाव आता भाऊसाहेब हिरे मार्ग आहे. जवळच मुख्यमंत्र्यांचा 'वर्षा' बंगला. जिना हाउस म्हणून दिसते ती कुंपणाची भिंत, बंद फाटक आणि वाढलेली झाडं. पोलिसाने विचारलं, "काय पाहिजे?" मी म्हणालो, "काही नाही, बघतोय." तो म्हणाला, "बघण्यासारखं काय आहे यात?"

दुसऱ्या बाजूची कुलपं

हे वाचून असं वाटू शकतं की दार फक्त आपणच बंद ठेवलं. तसं नाही.

कराचीत क्लिफ्टनला मोहट्टा पॅलेस आहे. मारवाडी व्यापारी शिवरतन मोहट्टा यांनी १९२७ च्या सुमारास तो बांधला. जोधपूरचा गुलाबी दगड आणि गिझरीचा पिवळा दगड वापरलेली ही राजस्थानी घाटाची हवेली. वास्तुविशारद होते आगा अहमद हुसेन. फाळणीनंतर मोहट्टा निघून गेले. पाकिस्तान सरकारने हवेली ताब्यात घेतली आणि तिथे परराष्ट्र मंत्रालय बसवलं. पुढे जिनांच्या बहीण फातिमा जिना तिथे राहायला आल्या आणि १९६७ मध्ये तिथेच वारल्या. म्हणजे भावाचं घर मुंबईत सरकारजमा, आणि बहीण कराचीत दुसऱ्या कुणाच्यातरी सरकारजमा घरात. आज मोहट्टा पॅलेस हे संग्रहालय आहे. तिकीट काढून कुणीही आत जाऊ शकतं आणि मूळ मालकाचं नाव पाटीवर कायम आहे.

सिंधमधल्या हैदराबाद शहरात मुखी हाउस आहे. १९२० मध्ये जेठानंद मुखी या सिंधी हिंदू पुढाऱ्याने बांधलेलं. कुटुंब फाळणीनंतर गेलं, घराची दुर्दशा झाली. नंतर सिंध सरकारच्या पुरातत्त्व खात्याने ते दुरुस्त करून संग्रहालय केलं. परदेशात असलेल्या मुखी कुटुंबातले लोक येऊन आपलं घर पाहून गेले. त्यांनी मालकीचा हट्ट धरला नाही. घराने मुखींचंच नाव ठेवावं आणि लोकांनी ते पाहावं, एवढंच त्यांना हवं होतं.

पण याच कराचीतला भारताचा वाणिज्य दूतावास १९९४ च्या शेवटी बंद झाला, तो आजपर्यंत बंद आहे. एक इमारत बंद झाल्याने काय बिघडतं? हा प्रश्न पालघर जिल्ह्यातल्या मच्छीमारांच्या घरी विचारावा. डहाणू, तलासरी भागातली मुलं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात रेघ दिसत नाही. बोट पलीकडे गेली की पाकिस्तानी यंत्रणा पकडते आणि खलाशांची रवानगी कराचीच्या मलीर तुरुंगात होते. कराचीत आपली कचेरी असती तर तिथला अधिकारी गाडीत बसून तुरुंगात जाऊ शकला असता. ती नाही, म्हणून सगळं इस्लामाबादमार्गे चालतं. दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. इकडे घरचे लोक वाट बघतात. वकिलातीची इमारत म्हणजे झेंडा आणि फाटक नव्हे. आपल्या माणसापर्यंत पोहोचायची ती वाट असते.

वास्तुविशारद सीमा ओलांडतो तेव्हा

जिनांच्या मुंबईतल्या घराचा वास्तुविशारद इंग्रज होता. त्यांच्या कबरीचा वास्तुविशारद मात्र मुंबईकर होता.

कराचीतली जिनांची कबर, 'मझार-ए-कायद', म्हणजे पाकिस्तानची सर्वांत महत्त्वाची राष्ट्रीय वास्तू. तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली होती, पण निवडलेला आराखडा फातिमा जिनांना पटला नाही. काम शेवटी याह्या मर्चंट यांच्याकडे आलं. ते मुंबईचे वास्तुविशारद होते. १९६० मध्ये पायाभरणी झाली. पांढऱ्या संगमरवराची, वर निमुळत्या होत जाणाऱ्या भिंतींची, चारी बाजूंना उंच कमानी असलेली ही घुमटाची इमारत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झाली. मधल्या काळात, १९६५ मध्ये, दोन देशांत युद्धही होऊन गेलं. ही वास्तू मुंबईच्या माणसाने कागदावर काढलेली आहे, हे आपल्याकडे किती जणांना माहीत असेल?

तेव्हा मुंबई हा सगळ्या उपखंडाचा वास्तुकलेचा वर्ग होता. श्रीलंकेच्या मिनेट डी सिल्व्हा १९४० च्या दशकात इथेच शिकल्या. गांधीजींच्या सुटकेसाठीच्या मोर्चात गेल्या म्हणून जे. जे. मधून त्यांना बाहेर काढलं गेलं. माफी मागायला त्या तयार नव्हत्या. १९४६ मध्ये मुंबईत 'मार्ग' हे कलेचं त्रैमासिक सुरू झालं, त्याच्या संस्थापकांत त्या होत्या. पुढे मायदेशी जाऊन त्यांनी कँडीच्या कारागिरांना हाताशी धरून घरं बांधली आणि श्रीलंकेच्या आधुनिक वास्तुकलेचा पाया घातला. शेजारी देशातली मुलगी मुंबईच्या रस्त्यावर आपल्या स्वातंत्र्यासाठी मोर्चात चालली, हे कुठल्याही शांतता करारात लिहिलेलं नसतं. पण देशांमधलं प्रेम अशाच गोष्टींवर उभं राहतं.

शांततेचा राजवाडा

शांततेसाठीच इमारत बांधायची असा प्रयत्न युरोपात झाला. नेदरलँड्समधल्या हेग शहरात १९१३ च्या ऑगस्टमध्ये 'पीस पॅलेस'चं उद्घाटन झालं. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी पैसा दिला होता. राष्ट्रांनी रणांगणावर न जाता इथे येऊन भांडणं मिटवावीत, ही कल्पना. वर्ष पुरतं झालं न झालं तोच पहिलं महायुद्ध पेटलं. लोक हसले असतील.

पण गोष्ट तिथे संपत नाही. त्याच इमारतीत आज आंतरराष्ट्रीय न्यायालय बसतं. २०१७ मध्ये पाकिस्तानने कुलभूषण जाधव यांना फाशीची शिक्षा सुनावली तेव्हा भारत याच इमारतीत गेला. मूळचे नागपूरचे हरीश साळवे भारताच्या बाजूने उभे राहिले. न्यायालयाने फाशीला स्थगिती दिली आणि १७ जुलै २०१९ च्या निकालात म्हटलं की जाधवांना भारताच्या वकिलातीशी संपर्क करू न देऊन पाकिस्तानने व्हिएन्ना करार मोडला. सांगण्याचा मुद्दा हा की पीस पॅलेसने महायुद्ध थांबवलं नाही, पण शंभर वर्षांनी एका मराठी माणसाची फाशी थांबवली. इमारत उभी होती, दार उघडं होतं, आत बसायला दोन्ही बाजूंना खुर्च्या होत्या. वास्तू स्वतः शांतता करत नाही. ती शांततेला बसायला जागा देते.

आपल्या उपखंडातलं ताजं उदाहरण कर्तारपूर कॉरिडॉरचं आहे. गुरू नानकांनी शेवटची वर्षं जिथे घालवली तो गुरुद्वारा सीमेपासून जेमतेम साडेचार किलोमीटरवर, पण पाकिस्तानात. अनेक वर्षं भाविक भारताच्या हद्दीत उभे राहून दुर्बिणीतून दर्शन घ्यायचे. ९ नोव्हेंबर २०१९ ला रस्ता, पूल आणि दोन्हीकडे प्रवाशांच्या इमारती उघडल्या. व्हिसा नको, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. तीस वर्षांपूर्वी याच तारखेला बर्लिनची भिंत पडली होती. आणि याच तारखेला, १९९३ मध्ये, बोस्नियातल्या मोस्तार शहराचा चारशे वर्षं जुना पूल तोफांनी पाडला गेला होता. तो पूल त्याच घाटात, त्याच प्रकारच्या दगडात पुन्हा बांधायला २००४ उजाडलं. पूल आधी नकाशावर जोडायचा की मनात, यावर वाद घालता येतो. मोस्तारवाल्यांनी आधी दगड बसवायला घेतले.

सिंधी लोक गुरू नानकांना फार मानतात. आमच्या आजोबांनाही कर्तारपूरला जायचं होतं. त्यांचा पासपोर्ट हातात आला तो २०२० च्या मार्चमध्ये. त्याच महिन्यात करोनामुळे कॉरिडॉर बंद झाला. २०२१ च्या नोव्हेंबरात पुन्हा उघडला तेव्हा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. आणि २०२५ च्या मे महिन्यात, 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झालं तेव्हा, भारताने आपल्या बाजूने तो बंद केला. पासपोर्ट कपाटात आहे, एकही शिक्का नसलेला.

जो प्रश्न टाळता येत नाही

इथे कुणी म्हणेल, हे सगळं ठीक आहे, पण २६ नोव्हेंबर २००८ चं काय? दहा जण कराचीहून समुद्रमार्गे याच मुंबईत आले आणि १६६ माणसं मेली. त्या शहरात, मुख्यमंत्र्यांच्या घराजवळ, पाकिस्तानी दूतावासाला जागा द्यायची?

हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही. ज्याच्या घरातलं माणूस सीएसएमटीच्या फलाटावर गेलं, त्याला 'वास्तू जोडते' असं ऐकवायचा अधिकार मला नाही. दूतावासाला जागा द्यायची की नाही, हे दोन सरकारांचे त्या वेळचे संबंध कसे आहेत यावर ठरेल, आणि ते तसंच ठरायला हवं. माझं म्हणणं वेगळं आहे. घर पाकिस्तानला देणं आणि घर कुलूपबंद ठेवणं या दोनच वाटा आहेत, असं आपण धरून चाललोय. तिसरी वाट आहे. घर आपल्याच ताब्यात ठेवायचं आणि आपल्याच लोकांसाठी उघडायचं.

अमृतसरला जुन्या टाउन हॉलमध्ये २०१७ पासून फाळणीचं संग्रहालय आहे. तिथे पंजाबची कथा आहे. मुंबईच्या बंदरात बोटीतून उतरलेल्या सिंध्यांची कथा, कल्याण कॅम्पाचं उल्हासनगर कसं झालं ती कथा, पिंपरी कॅम्पाची कथा सांगायला याहून योग्य जागा कुठली? ज्या खोल्यांमध्ये फाळणी टळली असती किंवा ठरली, त्याच खोल्यांमध्ये तिचा हिशेब मांडायचा. जिनांचं कौतुक करायची गरज नाही. निंदा करायला आत जाण्याचीही गरज नाही, ती बाहेरूनही होते. समजून घ्यायला मात्र आत जावं लागतं.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर एक उदाहरण पुण्यातच आहे.

आगाखान पॅलेसमधली दुपार

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी मी आजोबांना घेऊन नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेसला गेलो. पुण्यात एवढी वर्षं काढून ते तिथे कधी गेले नव्हते. "दुकान कोण बघणार?" हे त्यांचं कायमचं कारण.

हा राजवाडा तिसऱ्या आगाखानांनी १८९२ मध्ये बांधला, दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. हे आगाखान कराचीत जन्मलेले आणि पुढे मुस्लीम लीगचे पहिले अध्यक्ष. १९४२ मध्ये ब्रिटिशांनी याच राजवाड्यात गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांना कैदेत ठेवलं. १५ ऑगस्ट १९४२ ला महादेवभाई आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा इथेच गेल्या. त्यानंतर काही महिन्यांतच गांधीजी जिनांच्या दारात जाऊन उभे राहिले. १९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी हा राजवाडा गांधीजींच्या स्मृतीसाठी भारताला देऊन टाकला. मागच्या समाधीच्या परिसराची रचना चार्ल्स कोरियांची आहे.

मुस्लीम लीगच्या पहिल्या अध्यक्षाचा राजवाडा गांधींचं स्मारक होऊ शकतो. मग लीगच्या शेवटच्या मोठ्या नेत्याच्या घराचं काहीच होऊ शकत नाही का? इथे नाव बदलावं लागलं नाही, भिंत पाडावी लागली नाही. लोक आजही 'आगाखान पॅलेस'च म्हणतात आणि आत जाऊन कस्तुरबांच्या खोलीसमोर गप्प उभे राहतात.

आजोबा समाधीपाशी थोडा वेळ थांबले. मग व्हरांड्यातल्या सावलीत बसले आणि वर कमानींकडे बघत म्हणाले, "कराचीवाल्याने बांधलं?"

"हो. म्हणजे जन्म कराचीचा."

"माझ्यासारखाच मग. तिकडे जन्मला, इकडे घर बांधलं." ते हसले. "माझं वन बीएचके होतं, एवढाच फरक."

मग त्यांनी मला फोटो काढायला सांगितला. त्यांचा नाही, कमानींच्या रांगेचा. तो शिकारपूरवाल्या पोराला पाठवायचा होता. त्याचा फोन नंबर नव्हता, पण व्हिडिओच्या खाली त्याच्या इन्स्टाग्रामचा पत्ता होता. मी फोटो पाठवला. खाली काय लिहू, विचारलं.

आजोबांनी बराच विचार केला. मला वाटलं, आता ते दोन देशांबद्दल काही बोलतील.

"लिही," ते म्हणाले, "पुण्याहून सलाम. आणि विचार, त्या बाजाराच्या छपरातून अजून पावसाचं पाणी गळतं का."